शिकणाऱ्याच्या चित्राला आपण हात लावावा का? (मिश्र माध्यम, आतून येणारं चित्र आणि मार्गदर्शन)

चित्रमग्न

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, ते आज लिहून टाकते.

मी मिश्र माध्यमात काम करते. ॲक्रिलिक, शाई, फाडलेले कागद, टिशू, चारकोल, कधी कापडाचा तुकडा. आधी स्केच करत नाही. कॅनव्हासवर पहिला डाग पडला की तो काहीतरी मागायला लागतो, मग दुसरा पडतो, मग एखादा कागद चिकटतो, मग त्यातला अर्धा खरवडला जातो. याला 'इन्ट्युइटिव्ह पेंटिंग' म्हणतात. मी 'आतून येणारं चित्र' म्हणते. गेली काही वर्षं दर आठवड्याला चार-पाच जण माझ्याकडे रंगवायला येतात. कुणी नोकरी सांभाळून, कुणी निवृत्तीनंतर, एक-दोघं रीतसर कलाशिक्षण घेऊन मग अडकलेले.

धागा काढण्याचं कारण एक जुनं चित्र आहे. आमच्यातल्या एका बाईंचं; इथे त्यांना र. म्हणते. साधारण तीन फूट बाय दोन फुटांचा कॅनव्हास. तळाला वहीच्या जुन्या पानांचा कोलाज, त्यावर राखाडी-निळ्याचे पातळ थर, आणि ते ओले असतानाच कंगव्याने ओढलेल्या रेघा. त्यामुळे खालचं अक्षर कुठे वर आलेलं, कुठे बुडालेलं. फार सुरेख पोत होता. पण खाली उजव्या कोपऱ्यात एक तपकिरी डाग होता, जड, बाकीच्या चित्राशी फटकून वागणारा. र. तीन बैठका नुसत्या त्याच्याकडे बघत बसल्या. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. मी रुंद ब्रश उचलला, पांढऱ्यात किंचित पिवळा मिसळला आणि त्या डागावरून एक पट्टा ओढला. चित्र एकदम जमून आलं. सगळे 'वा!' म्हणाले. र. सुद्धा म्हणाल्या.

ते चित्र त्यांनी पुढे पूर्णच केलं नाही. सहीही केली नाही. सहा महिन्यांनी मी विषय काढला तर म्हणाल्या, "तो पट्टा तुमचा आहे ना, त्याच्यापुढे मला काही सुचत नाही." आणि थोडं थांबून, "तो डाग मला नको होता असं नाही. तो काय आहे ते कळत नव्हतं, एवढंच."

हे माझ्या फार जिव्हारी लागलं. त्यानंतर मी कुणाच्याही चित्राला हात लावलेला नाही. पण मग मदत करायची कशी? समोर घडा ठेवून काढायला सांगितलं असतं तर "डावी कड उतरलीय" म्हणता येतं. इथे ताडून बघायला समोर काहीच नसतं. तुम्ही काय करता? शिकणाऱ्यांनी तर आवर्जून लिहा.

खरवड

ताई, स्पष्ट लिहितो, राग नसावा. मला तुमचा निष्कर्ष पटला नाही.

मी शिकलो ते सरांनी माझ्या चित्रावर हात चालवला म्हणूनच. ब्रशवर दाब किती द्यायचा, नाइफ कुठल्या कोनात धरायची, ओला रंग कुठवर ओढला की मळतो, हे बोलून कळत नाही. जुन्या युरोपीय कार्यशाळांमध्ये तर गुरू-शिष्यांचे हात एकाच चित्रावर फिरत. व्हेरोक्कियोच्या 'बाप्तिस्मा' चित्रातला एक देवदूत त्याच्या कोवळ्या शिष्याने, लिओनार्दोने रंगवला, हे प्रसिद्धच आहे.

दुसरं म्हणजे 'आतून येणारं' या शब्दाची मला थोडी धास्ती वाटते. त्या नावाखाली काहीही खपतं. चित्रकार मॅक्स अर्न्स्टचं उदाहरण घ्या. १९२५ मध्ये त्याने लाकडी फळ्यांवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली आणि लाकडाच्या रेषा कागदावर उतरवल्या. फ्रोताज म्हणतात ते हेच. पुढे तीच युक्ती तैलरंगात वापरली, ओल्या थराखाली वस्तू ठेवून वरचा रंग खरवडला. इथवर सगळं अपघाताचं. पण त्या ठशांमधून जंगल कुठलं आणि पक्षी कुठला, हे त्याने बघून, निवडून ठरवलं. अपघात कुणाच्याही हातून होतो. निवड शिकवावी लागते, आणि ती करून दाखवावी लागते.

निळाई

मी शिकणाऱ्या बाजूची.

माझा अनुभव दोघांपेक्षा निराळा आहे. माझ्या पहिल्या मार्गदर्शकांनी दोन वर्षांत एकदाही चित्राला हात लावला नाही. काही बोललेही नाहीत. प्रत्येक चित्राला "छान, मोकळं झालंय" एवढंच. सुरुवातीला बरं वाटायचं. नंतर नंतर त्या 'छान'ची भीती वाटायला लागली, कारण मला स्वतःला चित्रं एकसारखी दिसायला लागली होती आणि का ते सांगता येत नव्हतं.

मग एका ज्येष्ठ चित्रकर्तीकडे चित्रं घेऊन गेले. त्यांनी एकेका चित्रावर काहीच म्हटलं नाही. बाराच्या बारा जमिनीवर ओळीने मांडायला लावली. मग सगळी उलटी करायला सांगितली, वरची बाजू खाली. आणि म्हणाल्या, "आता काय काय पुन्हा पुन्हा येतंय ते मोठ्याने सांग."

बारापैकी नऊ चित्रांत एकाच कोपऱ्यात गोल होता. कधी शाईचा, कधी कापलेल्या कागदाचा, कधी नुसता कपाच्या बुडाचा ठसा. मी प्रत्येक वेळी तो 'आतून आला' असं समजत होते. तो आतून येत नव्हता, हाताला लागलेली सवय होती. रिकामी जागा दिसली की हात तिकडे जायचा.

पण त्यांनी गोल काढू नको असं सांगितलं नाही. "पुढची चार चित्रं गोलाशिवाय कर. पाचव्यात तो परत आला तर तो तुझा," एवढंच. पाचव्यात नाही आला. अकराव्यात आला, चित्राच्या मधोमध, फाटलेला. ते चित्र मी अजून कुणाला दिलेलं नाही.

चित्रमग्न

निळाई, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. सवय आणि आतली गरज बाहेरून सारख्याच दिसतात. ज्याचं चित्र आहे त्याला तर त्या वेगळ्या काढताच येत नाहीत, कारण दोन्ही वेळा हात तितक्याच सहज चालतो. बाराच्या बारा एकत्र बघणारं कुणीतरी लागतं ते यासाठी. एकेका चित्रावर बोलण्यात मी फार वेळ घालवला, असं आता वाटतंय.

खरवड, राग कसला? दाब आणि कोन दाखवावाच लागतो, शंभर टक्के मान्य. पण तो मी माझ्या कागदावर दाखवते. शेजारी तोच कागद, तोच रंग, तोच ब्रश. लिओनार्दोचं म्हणाल तर तिथे चित्र गुरूचं होतं आणि हात शिष्याचा. ते मला चालेल. आम्ही नेमकं उलटं करतो.

आणि एक युक्ती. चित्रावर पारदर्शक ॲसिटेटची शीट ठेवायची आणि हवा तो पट्टा, डाग, रेघ तिच्यावर ओढून बघायची. पटलं नाही तर ओल्या फडक्याने पुसायचं. रंगीत कागदाचे तुकडे नुसते ठेवून हलवत बसलं तरी चालतं. हेसुद्धा चित्रकाराने स्वतः करायचं, मी शीट धरून उभी राहते. त्या दिवशी र.च्या चित्रावर मी शीट ठेवली असती तर हा धागा निघाला नसता.

ओलारंग

धागा आवडला, वाचनखूण साठवली. थोडं अवांतर विचारू का? मी अगदी नवा आहे. मोकळेपणाने हाताला येईल ते वापरतो आणि माझी चित्रं अक्षरशः सुटून येतात. ऑइल पेस्टलवर ॲक्रिलिक लावलं होतं, महिन्याभरात पापुद्रे उचलले गेले, नखाने निघतात. दुसऱ्या एका चित्रात घरच्या प्रिंटरवर छापलेला फोटो चिकटवला, तर वर मिडियम (ॲक्रिलिकचं बिनरंगाचं, चिकटवणारं द्रावण) लावताच शाई फुटून जांभळा ओघळ आला. अशाने हात आखडतो. मग कसलं आतून येणार?

खरवड

अवांतर कसलं, हा या कामाचा पाया आहे. प्रतिसाद लांबेल.

ऑइल पेस्टलमध्ये मेण आणि न वाळणारं तेल असतं. ते कधीच पूर्ण वाळत नाही. वर पाण्याचं ॲक्रिलिक घातलं की ते धरायला खाली काही नसतं, मग पापुद्रा सुटतो. त्यामुळे ऑइल पेस्टल सगळ्यात शेवटी. तैलरंगाचंही तेच. वाळलेल्या ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक चालत नाही. मेण मुद्दाम आधी वापरायचं असेल तर पातळ शाई किंवा जलरंगासोबत वापरा. तिथे मेणाने रंग झिडकारणं हीच मजा असते.

प्रिंटरचं म्हणाल तर घरगुती इंकजेटची शाई बहुतेक वेळा पाण्यात विरघळते. लेझर प्रिंट किंवा फोटोकॉपी घ्या. तिथे शाईऐवजी टोनर, म्हणजे वितळवून बसवलेलं प्लॅस्टिक असतं, ते पाण्याला हलत नाही. त्याचाच ठसाही घेता येतो. जेल मिडियमच्या जाड थरावर प्रिंट पालथी दाबायची, पूर्ण वाळू द्यायची, मग पाठीमागून कागद ओला करून बोटाने हळूहळू चोळून काढायचा. चित्र जेलमध्ये राहतं, उलटं. अक्षरं असतील तर छापतानाच उलटी करून घ्या.

कागद चिकटवताना फुगे येतात कारण कागद पाणी पिऊन ताणला जातो. खाली मिडियम, कागदाच्या पाठीला मिडियम, थोडं थांबून कागद बसवायचा आणि रोलर मधोमधून कडेकडे फिरवायचा. मग वरून पुन्हा मिडियम. वर्तमानपत्र पिवळं पडणारच, त्यात लिग्निन हा लाकडातला घटक असतो. ते पिवळेपण हवं असेल तर खुशाल वापरा, नको असेल तर आम्लविरहित कागदावर फोटोकॉपी करून ती चिकटवा.

ॲक्रिलिकमध्ये नुसतं पाणी वाढवत नेऊ नका. रंगकणांना बांधून ठेवणारं पॉलिमर विरळ होतं आणि थर भुकटीसारखा निघतो. फार पातळ हवा तर पाण्याऐवजी मिडियमने पातळ करा. कच्चं, जेसो (रंगाआधीचा पांढरा अस्तर-थर) न लावलेलं कापड असेल तर मात्र पाणी मुरू देता येतं, तिथे कापडच रंग धरून ठेवतं. अमेरिकन चित्रकर्ती हेलन फ्रँकेनथेलरने १९५२ मध्ये कच्चा कॅनव्हास जमिनीवर अंथरून त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग असाच ओतला होता. पण तेल कच्च्या कापडाला काळाच्या ओघात कुजवतं. पुढे तीही ॲक्रिलिककडे वळली.

जाता जाता: पेस्टलची किंवा घासलेल्या रंगाची धूळ फुंकू नका, मास्क लावा. फिक्सेटिव्ह (पेस्टल, चारकोल पक्कं करणारा फवारा) बाहेर मोकळ्या हवेत मारा.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. हात आखडतो तो नियमांमुळे नव्हे, चित्र टिकेल की नाही याची खात्री नसल्यामुळे. एक जाड कागद घ्या, त्यावर चौकोन आखा आणि प्रत्येक चौकोनात दोन साहित्यांची जोडी लावून ठेवा. उभी ओळ खालचा थर, आडवी ओळ वरचा. महिन्याने नख लावून बघा. माझ्या भिंतीवर असा तक्ता आहे. रंगवताना मला तो बघावा लागत नाही, हाताला माहीत झालंय. तेव्हा कुठे हात मोकळा चालतो.

ओलारंग

एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. आजच चौकोन आखतो. मनापासून आभार.

सांजसावली

खरवड यांच्या प्रतिसादाला +१. आणि चित्रमग्नताई, तुमच्या मूळ प्रश्नाला धरून एक उदाहरण.

योझेफ आल्बर्स. बाउहाउस ही जर्मनीतली कलाशाळा बंद पडल्यावर १९३३ मध्ये तो अमेरिकेत ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवायला गेला. शिस्तीचा माणूस. रंगाचे पाठ रंगीत कागदांवर घ्यायचा, कारण कागदाचा रंग प्रत्येक वेळी तोच राहतो, ब्रश-मिश्रणाची भानगड नाही. एकच तपकिरी तुकडा दोन वेगवेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवून तो दोन वेगळे रंग वाटतील असं करून दाखवा, असले पाठ. त्याच्याकडे १९४८ च्या सुमाराला रॉबर्ट रॉशेनबर्ग शिकायला आला. दोघांचं अजिबात जमलं नाही. पुढे रॉशेनबर्गने काय केलं? कॅनव्हासवर पलंगपोस, टायर, भरलेला बोकड, कात्रणं, सगळं एकत्र आणलं. आल्बर्सच्या चित्रांतल्या स्वच्छ चौकोनांच्या अगदी उलट. आणि तरीही आपल्या घडणीचं श्रेय तो आल्बर्सला देत राहिला.

मला यातून असं वाटतं की आल्बर्सने त्याला बघायला शिकवलं. काय बघायचं ते त्याचं त्याने ठरवलं. विद्यार्थ्याचं काम मार्गदर्शकासारखं दिसायला लागलं की मी स्वतः सावध होते. माझ्याकडे येणाऱ्या दोघीजणी माझ्यासारखे टिशूचे थर लावायला लागल्या तेव्हा मी तीन महिने स्वतः टिशू वापरणं थांबवलं, निदान त्यांच्यासमोर.

एक प्रश्न मात्र माझाही. थांबायचं कधी? माझ्याकडच्यांची अर्धी चित्रं सुंदर टप्पा ओलांडून चिखल होतात. मला तो टप्पा दिसतो. त्या क्षणी "थांब" म्हणायचं की नाही?

निळाई

सांजसावली, मी शिकणारी म्हणून सांगते, म्हणू नका. मला एकदा "थांब" म्हटलं होतं. चित्र चांगलं राहिलं, पण मला ते का चांगलं आहे हे कळलं नाही आणि पुढचं चित्र सुरू करताना मी सतत मान वर करून बघत होते, कुणी थांबवतंय का. चिखल झालेल्या चित्रांनीच मला जास्त शिकवलं. फक्त प्रत्येक बैठकीनंतर फोनवर फोटो काढून ठेवा म्हणावं. सगळे फोटो एका ओळीत बघितले की टप्पा कुठे ओलांडला ते स्वतःलाच दिसतं. फोटो कृष्णधवल करून बघितला तर आणखी लवकर, कारण बहुतेक चिखल रंगाचा नसतो, उजेड-अंधाराचा असतो. सगळं एकाच मधल्या राखाडीत येऊन बसलेलं असतं.

चित्रमग्न

निळाईशी सहमत, एका अपवादासह. चित्रकार दमलेला असेल तर मी "थांबा" म्हणते. चित्राला नाही, माणसाला. दोन तासांनंतर हात निर्णय घेत नाही, नुसता चालत राहतो. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवायचं आणि आठवडाभर बघायचं नाही. पुन्हा फिरवलं की पहिल्या दोन-तीन सेकंदांत जे दिसतं ते खरं. त्या सेकंदांत मी तोंड उघडत नाही, कारण मी बोलले की त्यांना माझं दिसतं.

अमूर्त चित्रकार वा. सु. गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं करत. त्यांच्या चित्रातली ती शांतता रोलर आणि पॅलेट नाइफने थर चढवून, काढून, पुन्हा चढवून आलेली आहे. नवीन मुलांना मी हे सांगते, कारण 'आतून येणारं' म्हणजे झटपट होणारं अशी एक समजूत आहे. थांबणं, बघत बसणं हेही रंगवण्यातच येतं. र. तीन बैठका त्या डागाकडे बघत होत्या तेव्हा त्या अडकलेल्या नव्हत्या, काम करत होत्या. मला ते काम दिसलं नाही.

खरवड

ताई, चार दिवस विचार केला. गेल्या बैठकीला ॲसिटेट वापरून बघितलं. माझ्या एका विद्यार्थ्याने शीटवर सात वेगवेगळे पट्टे ओढले आणि सातही पुसले. मग शीट बाजूला ठेवून कॅनव्हासच आडवा केला. मला ते सुचलंच नसतं. हात लावणं पूर्ण सोडेन असं आज म्हणत नाही, हस्तकौशल्य शिकवताना मला ते लागतं. पण चित्र ठरवणारा फटका मी मारणार नाही.

आणि र. यांच्या चित्राबद्दल. तो पट्टा ॲक्रिलिकचाच आहे ना? मग तो काढता येईल. आयसोप्रोपिल अल्कोहोलने वाळलेलं ॲक्रिलिक मऊ पडतं, पण ते खालच्या थरांनाही सोडत नाही, आणि तुमच्या तळाला वहीची पानं आहेत. त्यापेक्षा बारीक वॉटरपेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) पाण्यात भिजवून हलक्या हाताने गोल गोल घासा. ओलं घासलं की धूळही उडत नाही. मध्ये मध्ये पुसून बघत राहायचं. अर्थात त्यांना काढायचा असेल तरच.

चित्रमग्न

खरवड, खरंच आभार. र. यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. काल त्या चित्र घेऊन आल्या. मी वॉटरपेपर आणि पाण्याचं भांडं टेबलावर ठेवलं आणि समोरच्या खुर्चीत बसले.

पाऊण तास त्या घासत होत्या. आधी पांढरा दुधासारखा पाण्यात उतरला, मग त्याखालचा तपकिरी कडेने दिसायला लागला. तो पूर्वीसारखा नव्हता, घासल्याने त्यातही विरळ जागा पडल्या होत्या, आणि एका ठिकाणी वहीच्या पानावरची निळी रेघ वर आली होती. पट्ट्याचा साधारण दोन इंच भाग निघाला तेव्हा त्या थांबल्या. बोटाने त्या जागेवरून हात फिरवला. बाकीचा पट्टा तसाच आहे.

मी काही विचारलं नाही. त्यांनी हात धुतले, "आज एवढंच" म्हणाल्या, आणि कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवून गेल्या.